आकाशाची चळत

मित्रांनो, परवापरवापर्यंत माझ्या डाव्या बाजूला पत्रा नव्हता, त्यामुळे मला माझे वय लपवता येत नसे. कुणीही वाकून पाहावे आणि आतली धूळ, वायरींचा गुंता आणि कण्हत फिरणारा पंखा पाहून हळहळावे. मी एक जुना संगणक आहे. मागच्या दिवाळीत मी भंगारात जाता जाता राहिलो. ती हकिकत तुम्हांला सांगायची आहे.

माझा जन्म उल्हासनगरचा. परसराम शेठ नावाच्या गृहस्थांनी मला त्यांच्या दुकानात जुळवले. माझा मदरबोर्ड एका बंद पडलेल्या ऑफिसातून आला होता, हार्ड डिस्क दुसरीकडून, आणि पेटी कुठून आली ते शेठनाही आठवत नव्हते. मला घ्यायला आलेल्या विष्णुपंतांनी नाक मुरडले, तेव्हा शेठ म्हणाले, "साहेब, सगळे पार्ट अलग अलग घरचे आहेत, पण एकत्र नांदतील. मी बोलतो ना!"

आम्ही नांदलो. बदलापूरला, कात्रपमधल्या एका सोसायटीत, विष्णुपंत आणि वृंदाताईंच्या घरी. त्यांच्या अनीशने माझ्यावर अभ्यास कमी आणि मोटारींच्या शर्यती जास्त केल्या. त्या काळी पाहुणे आले की मला मुद्दाम चालू करून दाखवत. मग अनीश नोकरीसाठी बंगळुरूला गेला, घरात मोबाइल आले आणि माझ्या डोक्यावर लोणच्याची बरणी आली. पत्रा रंगकामाच्या वेळी काढला होता, तो कुणीतरी कुंडीखाली ठेवला आणि तिथेच गंजला. मी काही बोललो नाही. बोलण्यासाठी आधी कुणाला तरी बटण दाबावे लागते.

ते बटण वृंदाताईंनी दाबले. त्या अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. निवृत्त झाल्यावर बायका भिशी लावतात, सहलींना जातात. वृंदाताईंनी कॅमेरा आणि तो उभा करायचे तिकाटणे घेतले आणि गच्चीवर जाऊन आकाशाचे फोटो काढू लागल्या. मला त्यांनी पुसले, लोणच्याची बरणी स्वयंपाकघरात परत नेली आणि माझ्यात एक छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहून घातला. तो प्रोग्रॅम काय करतो हे तुम्हांला कळले पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

बदलापूरच्या आकाशात दिव्यांचा उजेड इतका असतो, की एका फोटोत मंद तारे दिसत नाहीत. म्हणून वृंदाताई एकाच जागेचे पुष्कळ फोटो काढतात. ते एकावर एक ठेवले, की पोळ्यांच्या डब्यात असते तशी चळत होते. आता या चळतीत वरून खाली सरळ एक दाभण घाला. ती प्रत्येक फोटोतल्या त्याच जागच्या ठिपक्यातून जाते. दाभणीत ओवलेल्या सगळ्या ठिपक्यांच्या उजेडाचे आकडे मी घेतो आणि त्यांतून एकच आकडा काढतो. असे प्रत्येक ठिपक्याचे केले, की अख्खी चळत चेपून एक फोटो उरतो.

पण एक आकडा काढायचा कसा? सगळ्यांत मोठा घेतला, तर मुंबईकडे जाणारे प्रत्येक विमान फोटोत रेघ मारून जाते. सरासरी काढली, तर विमान पुसट होते, पण भुतासारखे मागे राहते. वृंदाताईंना दोन्ही पसंत नव्हते. प्रयोगशाळेत त्या एकाच बाटलीतला रंग पुन्हा पुन्हा तपासत, रीडिंग लहानमोठी लावत आणि मधले उचलत. त्याला मध्यक म्हणतात. एखादे रीडिंग भलतेच आले तर सरासरी त्याच्याकडे ओढली जाते, मध्यक जागचा हलत नाही. "चार लोक शांत बसलेत आणि एक ओरडतोय, तर त्या एकाचं ऐकायचं नाही," असे त्या म्हणत आणि विष्णुपंतांकडे पाहत.

विष्णुपंत ऑर्डनन्स फॅक्टरीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा आवाज अजून निवृत्त झालेला नाही. दिवाळीच्या साफसफाईत त्यांची नजर माझ्यावर पडली.

"वृंदा, हा डबा या शनिवारी भंगारवाल्या महिपतीला देऊन टाकू. इथे शोकेस छान बसेल."

"अहो, मला लागतो तो. सोसायटीच्या दिवाळी गेट-टुगेदरला मी मुलांना धूमकेतू दाखवते म्हणून कबूल केलंय."

मित्रांनो, त्या आठवड्यात खरोखरच एक धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला खाली येत होता, पण दिव्यांच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता. आणि वृंदाताई सहसा काही कबूल करत नाहीत. एकदा केले की मात्र संपले.

"या डब्यात धूमकेतू?" विष्णुपंत हसले. "अगं, याला चालू व्हायलाच चहा होऊन जातो. बरं, असं करू. शनिवारपर्यंत यानं धूमकेतू दाखवला तर राहील. नाहीतर महिपतीच्या टेम्पोत."

माझा पंखा एक क्षण थांबला. विष्णुपंतांना वाटले, वीज गेली.

शुक्रवारी दिवेलागणीला वृंदाताई गच्चीवर गेल्या. पाण्याच्या टाकीशेजारी तिकाटणे रोवले, कॅमेरा पश्चिमेला धरला आणि धूमकेतू मावळेपर्यंत फोटो काढत राहिल्या. कॅमेरा केसभरही हलू दिला नाही. एका बाईंनी वाळत घातलेल्या चादरी काढायला पाऊल टाकले, तर त्यांनाही जागच्या जागी उभे केले. खाली येऊन त्यांनी सगळे फोटो माझ्या पोटात घातले, पहिल्यांदाच मध्यक निवडला आणि मी कामाला लागलो. इतक्या जिवावर उदार होऊन मी मोटारींच्या शर्यतीही खेळलो नव्हतो.

चित्र उमटले. काळेभोर आकाश आणि मधोमध एक झगझगीत केशरी गोळा. त्याला शेपटी! चांगली जाडजूड, झुबकेदार शेपटी!

"आला!" विष्णुपंत ओरडले. "वृंदा, आला धूमकेतू! अगं, काय तेज आहे!" आणि वृंदाताई चष्मा पुसेपर्यंत त्यांनी पडद्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. खाली लिहिले, 'आमच्या घरच्या संगणकाची कामगिरी.' आमच्या घरच्या! मी आतून इतका तापलो, की मला बंद करावे लागले.

शनिवारी सकाळी घरात शेजाऱ्यांची रीघ लागली. विष्णुपंत माझ्या पेटीवर हात ठेवून उभे होते, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. वृंदाताई मात्र पडद्याजवळ गेल्या, लांब झाल्या, पुन्हा जवळ आल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "शेपटी उलटी आहे."

"म्हणजे?"

"धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्यापासून लांब जाते. सूर्य नुकताच खाली मावळलेला. म्हणजे शेपटी वर हवी. ही खाली लोंबतेय."

"आता धूमकेतूनं शेपटी कुठे ठेवायची हे पण तूच सांगणार का?"

"आणि तारे कुठे आहेत? एकही तारा नाही."

मित्रांनो, खरे सांगतो, त्या क्षणी मला हँग व्हावेसे वाटले. मी राहिलो होतो, शोकेस रद्द झाले होते. बाईंनी फक्त गप्प बसायचे होते! पण ज्या बाईने आयुष्यभर चुकलेल्या रीडिंगवर सही केली नाही, ती माझ्यासाठी कशी गप्प बसणार?

तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या बकुळावहिनी आल्या. सगळ्यांना बाजूला सारून त्यांनी पडदा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! हा तर माझा कंदील!"

"काय?" विष्णुपंत म्हणाले.

"अहो भावोजी, आमच्या गच्चीवर बांबूला लावलाय ना! या शेपट्या मीच चिकटवल्यात. ही मधली बघा, जरा वाकडी झालीय. ह्यांना म्हटलं होतं, खळ कमी लावा." मग त्या वृंदाताईंकडे वळल्या. "पण वहिनी, फोटो काय झ्याक आलाय हो! मला पाठवा ना."

सगळे हसले. विष्णुपंतांचा हात माझ्या पेटीवरून अलगद निघाला. ग्रुपवर कुणीतरी धूमकेतूला रांगोळी आणि फराळही आहे का, असे विचारले होते. आणि नेमकी त्याच वेळी बेल वाजली. दारात महिपती.

महिपती जवळच्याच गावचा. त्याच्या टेम्पोत सगळ्या कात्रपची दिवाळी मावते. "काका, ह्योच का तो डबा?" म्हणत त्याने मला दोन्ही हातांनी उचलून पाहिले. "वजन हाय."

"घेऊन जा," विष्णुपंत म्हणाले. "वृंदा, आधी ते फोटो तरी पुसून टाक. चळत कशाला ठेवायची? जे काय चित्र यायचं ते आलं की एकदा!"

"अजिबात नाही!" वृंदाताईंचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "महिपती, खाली ठेव त्याला. चित्र चुकलंय, चळत नाही. चळत आहे तोवर सगळं आहे." मग त्या खुर्चीवर बसल्या आणि स्वतःशीच बोलावे तसे बोलल्या. "बाटली. मी बाटली समजले."

"कुठली बाटली?" विष्णुपंत घाबरून म्हणाले.

"अहो, लॅबमधली. बाटली टेबलावर ठेवली की जागेवर असते. मी कॅमेरा हलू दिला नाही, पण आकाश हलतंच की! प्रत्येक फोटोत तारे थोडे खाली सरकलेले. दाभणीत कुठलाच तारा दोनदा सापडला नाही, म्हणून मध्यकानं सगळे तारे ओरडणाऱ्या माणसांसारखे बाहेर काढले. धूमकेतूसुद्धा. जागेवर उभा होता एकटा बकुळाचा कंदील."

"माझा बांबू पक्का आहे," बकुळावहिनी म्हणाल्या.

"महिपती, चहा घे. दुपारपर्यंत थांब."

महिपती थांबला. बाकीचे भंगार टेम्पोत चढवून तो परत आला आणि जमिनीवर मांडी घालून माझ्यासमोर बसला. वृंदाताईंनी एकेका फोटोत तेच दोन ठळक तारे शोधले आणि तारा ताऱ्यावर येईल असा प्रत्येक फोटो सरकवला. काम किचकट होते. आता चळतीतले तारे एका रेषेत आले आणि कंदील मात्र प्रत्येक फोटोत निराळ्या जागी जाऊन बसला.

"म्हंजे आता कंदील पळतोय नि तारं उभं," महिपती म्हणाला.

"बरोबर. आता मध्यक कंदिलाला बाहेर काढेल."

"निदान शेपटी तरी ठेवा," बकुळावहिनी म्हणाल्या.

मग वृंदाताईंनी बटण दाबले आणि मी निघालो. दाभण घाल, आकडे लाव, मधला उचल. पुढची दाभण. पंखा कण्हू लागला, पेटी तापली. "हा मरतोय बहुतेक," विष्णुपंत म्हणाले. मग एकाएकी त्यांनी वहीचा पुठ्ठा घेतला आणि माझ्या पत्रा नसलेल्या बाजूने मला वारा घालायला सुरुवात केली. "चल रे," ते पुटपुटले. "चल. ग्रुपवर सगळे हसतायत."

माझ्या अलग अलग घरच्या पार्टांनी त्या दिवशी एकजुटीने संसार केला. चित्र उमटू लागले. आधी एक तारा, मग खूप. कंदील नाही, विमान नाही. आणि खालच्या कोपऱ्यात एक पुसट, हिरवट ठिपका. त्यातून शेवईच्या काडीएवढी बारीक शेपटी निघाली होती. वरच्या दिशेला.

वृंदाताईंनी चष्मा काढला. माझ्या पडद्याला त्या नुसते बोट लावून राहिल्या.

विष्णुपंत वाकून बराच वेळ पाहत होते. "एवढासाच?" ते म्हणाले.

"एवढासाच," वृंदाताई म्हणाल्या. "पण खरा."

"कंदील जास्त चांगला दिसत होता," महिपती म्हणाला आणि उठला. "काका, मग डबा?"

विष्णुपंतांनी घसा साफ केला. "डबा काय म्हणतोस? संगणक आहे तो. शोकेस आम्ही हॉलमध्ये बसवू."

गेट-टुगेदरला दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावली. मुलांनी आधी कंदिलापुढे गर्दी केली, हे मी कबूल करतो. पण वृंदाताईंनी चळतीची गोष्ट सांगितल्यावर एकेक मूल धूमकेतूपुढे येऊन नाक टेकवून पाहू लागले. सोसायटीच्या कंदील स्पर्धेतले बक्षीस बकुळावहिनींना मिळाले. परीक्षकांनी म्हणे ग्रुपवरचा फोटो पाहूनच ठरवले होते.

भाऊबीज झाल्यावर पुन्हा बेल वाजली. दारात महिपती. पण त्याच्या हातात एक काळा पत्रा होता. "काकी, अंबरनाथला एक मेलेला डबा मिळाला. त्याची ही बाजू. बसते का बघा." थोडे ठोकावे लागले, पण बसली. आता मी एका बाजूने काळा आणि तीन बाजूंनी पिवळट आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा जुना डबा असेल. त्याच्यावर बरणी ठेवू नका, अधूनमधून त्याची धूळ पुसा. आणि कधी कशाचा एक आकडा हाती आला, मग तो आकाशाचा असो नाहीतर प्रगतिपुस्तकातला, तर त्याच्यामागची चळत लगेच पुसून टाकू नका. तो आकडा कदाचित कंदिलाचा असेल. धूमकेतू चळतीत खाली कुठेतरी असेल, शेपटी वर करून, कुणी नीट लावून बघेल म्हणून वाट पाहत.