तासावरची लेक

मी एक जुनी जीप आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा हिरवीगार होते, आता कुठे हिरवी, कुठे नुसता पत्रा. उभं राहणं मला मानवत नाही. इंजिन बंद केलं तरी माझं काही ना काही थरथरत असतं. माझा मालक भीमा म्हणतो, हिच्या पायाला भिंगरी हाय.

मित्रांनो, आमच्या जामखेडकडे गाव किती लांब हे वेळात सांगतात. शेजारच्या रोशनबीची आयेशा लग्न होऊन हैदराबादला गेली आणि म्हणाली, विमानानं तासाभराचं तर अंतर. रोशनबीचा जीव भांड्यात पडला. माझी लेक तासावर हाय, असं ती गल्लीभर सांगायची. ऐकून माझी चुळबुळ व्हायची. विमान मिळतं शिर्डीकडे, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. हैदराबाद एकीकडे आणि आम्ही पळायचं उलट दिशेला! पण जीपला विचारतो कोण?

एका सकाळी आयेशाला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. पहिलीच खेप, पोर घाबरलेली. रोशनबीनं फोनवर शब्द दिला, बाळ व्हायच्या आत येते, तासाचा तर रस्ता. जावयानं दुपारच्या विमानाचं तिकीट मोबाईलवर पाठवलं. ते दाखवायला ती डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन निवांत आली.

भीमानं तिकीट पाहिलं आणि तिला तशीच गाडीत बसवलं. "चाची, तास विमानाचा हाय. विमानापत्तूर जायाला आपल्यालाच चार तास लागत्यात."

"म्हंजी मी लेकीला खोटं बोलले व्हय?" ती म्हणाली.

मी जीव तोडून पळाले. राहुरीजवळ उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकले, तापले, वाफा सोडल्या. निघताना मला पाणी द्यायचं घाईत राहून गेलं होतं. रोशनबीनं आपल्या पिण्याच्या बाटल्या माझ्यात ओतल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोल्हारचा पूल ओलांडला आणि फोन वाजला. माझ्या खडखडाटात तिला काही ऐकू येईना. भीमानं घड्याळाकडे पाहिलं, तरीही मला कडेला घेऊन चावी काढली. जन्मात पहिल्यांदाच मी अंगावरचा एकही पत्रा हलू दिला नाही.

फोनमधून बाळाचं रडणं आलं. मुलगी झाली होती.

रोशनबीही रडली. आनंदानं रडली, आणि शब्द हुकला म्हणूनही. आता चावी कधी फिरते असं मला झालं. शेवटी विमानतळाचं दार बंद होता होता ती आत गेली.

महिन्यानं ती परतली तेव्हा बायकांनी विमानाबद्दल विचारून तिला भंडावून सोडलं. माझी आठवण कुणालाच नव्हती.

"विमानाचं काय, उगं तासभर," रोशनबी म्हणाली. "नातीचा आवाज म्या हिच्यात बसून ऐकला."

मित्रांनो, आपलं माणूस किती लांब आहे हे आपल्या उंबऱ्यापासून मोजत जा. आणि दारात माझ्यासारखी म्हातारी गाडी असेल तर निघण्याआधी तिला पाणी द्या.

आता रोशनबी रोज सकाळी भीमाला विचारते, हिला पानी घातलं का. तो हसतो. तशी ती म्हणते, "हसू नको. माझी लेक पाच तासांवर हाय, अन् त्यातले चार हिच्याकडं हायेत."