वाकड्या शिंगाची गाय

मी एक चित्र बोलतंय. हॉलंडच्या उट्रेक्ट शहरातल्या कालव्याकाठच्या एका घरात, चुलीसमोरच्या भिंतीवर टांगलेलं. माझ्यात इटलीचं ऊन आहे. मात्र माझा जन्म झाला तेव्हा बाहेर तीन दिवस झड लागलेली, आणि मला रंगवणाऱ्या योस्टने पायांत लोकरीचे दोन-दोन मोजे चढवलेले.

योस्ट तरुणपणी तीन वर्षं रोममध्ये राहून आला होता. तिथे भरलेल्या चित्रवहीतून त्याने माझे डोंगर घेतले, पडका पूल घेतला आणि सगळ्यावर मधासारखा उजेड ओतला. गुरं मात्र त्याला जमत नसत. पाय चार असायचे, पण जनावर उभं राहायचं नाही. अशा वेळी इथले चित्रकार गुरं दुसऱ्याकडून काढून घेतात. योस्टला बाहेर जावं लागलं नाही. त्याची नवी बायको लाइस्बेट गुरं रंगवणाऱ्याचीच मुलगी.

तिने पुलाखाली एकच गाय बसवली. तांबडी-पांढरी, एक शिंग वाकडं. माहेरच्या गोठ्यातली. तिच्यासमोर बसूनच लाइस्बेट चित्र काढायला शिकली होती. रंगवताना शिंगापाशी कुंचला जरा जास्त वेळ थांबला, एवढं मला जाणवलं.

मला रंगवून घेणारा रेनियर हा रेशमाचा व्यापारी. दहा वर्षं इटलीत काढलेला. मला पाहताच त्याने टोपी काढली, सुस्कारा सोडला. मग वाकला. तिकडची गुरं राखाडी, हातभर शिंगांची असतात, ही तर आपल्या गुरांच्या बाजारातली दिसते, म्हणाला. ही खरवडा, मग नेतो.

योस्टने रंग खरवडायचं पातं उचललं. लाइस्बेट माझ्यासमोर आडवी आली.

"अहो, ते खाली ठेवा."

"अगं, एका गायीसाठी?"

ती व्यापाऱ्याकडे वळली. "साहेब, तिकडचं ऊन इथं आलेलं तुम्हाला चाललं. मग आमची गाय घटकाभर त्यात बसली तर काय बिघडलं?"

रेनियर हसला, पण मला न घेताच गेला. योस्ट दोन दिवस माझ्याकडे पाठ करून वाटाण्याचं सूप गिळत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच चुलीसमोर खिळा ठोकला आणि मला टांगलं.

तेव्हापासून येणारा माणूस आधी उन्हाचं कौतुक करतो, मग वाकतो आणि विचारतो, तिकडे अशी गाय?

"आमच्या सासुरवाडीची आहे," योस्ट सांगतो आणि पाहुण्याच्या पेल्यात बीअर ओततो.

आता माझं रोगण पिवळं पडलंय. पुलाच्या रंगवलेल्या तड्यांत एक खरा तडाही मिसळलाय. गोठ्यातली ती गाय केव्हाच गेली. आता ती आहे ती माझ्याचकडे. उद्या कुणी जाणकार मला साफ करायला घेईल, आणि त्यालाही ती चूक वाटेल. त्याला आत्ताच सांगून ठेवतंय: धूर पुसा, हवं तर थोडं ऊनही पुसलं जाऊ दे. गायीला पातं लागणार नाही. ती उन्हात बसलीय, तिला उठवायचं नाही.