पेनीचं पोट

व्हर्लीन गॅड्सडेनच्या फ्रीजरमध्ये भेंडीच्या पिशव्यांशेजारी लोण्याचा एक जुना डबा होता, आणि त्यात लोणी सोडून भलतंच होतं: डोळेही न उघडलेली, बर्फात कडक झालेली उंदराची गुलाबी पिल्लं. चौसष्ट वर्षांत व्हर्लीननं साप दिसला की फावडंच उचललं होतं. साउथ कॅरोलायनाच्या त्या दलदलीच्या गावात सगळे तेच करतात. पण ऑक्टोबरात काउंटीच्या बालकल्याण ऑफिसनं दहा वर्षांची मार्लो तिच्याकडे सांभाळायला पाठवली, तेव्हा मुलीच्या एका हातात कपड्यांची काळी पिशवी होती आणि दुसऱ्या हातात भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा. डब्यात पेन्सिलीएवढं, तांबूस ठिपक्यांचं कॉर्न स्नेक या बिनविषारी सापाचं पिल्लू. त्याचं नाव पेनी.

"ती घरात येणार असेल, तर मी बाहेर," व्हर्लीन म्हणाली.

"मग आम्ही दोघी पोर्चवर झोपतो, मिस व्हर्लीन. तुम्ही कशाला बाहेर?"

डबा घरात आला. त्याच्या अर्ध्या भागाखाली गरम होणारी चटई, आत लाकडाचा भुसा, लपायला कागदी नळी, पाण्याला बरणीचं झाकण. नाताळात व्हर्लीननं मन घट्ट करून काचेची ऐसपैस पेटी आणली. मार्लोनं आभार मानले आणि तिच्यात आपली पुस्तकं लावली.

"एवढ्या मोठ्या घरात तिला भीती वाटते," ती म्हणाली. "पिल्लाला चहूबाजूंनी अंगाला काहीतरी लागलेलं हवं. नाहीतर ते खातच नाही."

पेनीचं जेवण दर रविवारी, चर्चहून आल्यावर. उंदराचं पिल्लू पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडायचं, मऊ झालं की चिमट्यानं पुढे धरायचं. मग झाकणावरच्या चिकटपट्टीवर तारीख. तिथून दोन दिवस डब्याला कुणी हात लावायचा नाही. हलवलं तर ती ओकते, आणि एवढंसं पिल्लू वरचेवर ओकलं तर मरतं. हे मार्लोनं व्हर्लीनला इतक्यांदा बजावलं होतं, की दोन दिवस व्हर्लीन त्या खोलीत झाडूसुद्धा दबकत मारी.

जानेवारीत काउंटीच्या मिस टॉलिव्हरनं स्वयंपाकघरात बसून विचारलं होतं, "व्हर्लीन, कायमची ठेवून घेशील का हिला?" व्हर्लीन म्हणाली, नाही. गुडघ्यांचं कारण दिलं. गुडघे दुखत होते हे खरं, पण एकोणीस पोरं या घरातून गेली होती, आणि दर वेळी चार दिवस रडून व्हर्लीन पुन्हा कामाला लागली होती. पोरांना निरोप देणं तिला जमत होतं. आपलं म्हणायचं आणि मग आपणच आधी मरून जायचं, हे तिला झेपणारं नव्हतं. मार्लोला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये ओहायोतली एक मावशी सापडली. मार्लोनं तिला कधी पाहिलं नव्हतं. मिस टॉलिव्हर मंगळवारी मार्लोला तिच्याकडे न्यायला आली.

"आज नाही जमणार," मार्लो दारात आडवी उभी राहून म्हणाली. "पेनी काल पुन्हा जेवलीय. दोन दिवस हलवता येत नाही."

मिस टॉलिव्हर हसली. "मॅडमचं जेवण पचायचंय होय? बरं, गुरुवारी."

गुरुवारी पेनी पुन्हा सकाळीच जेवलेली होती. या वेळी मिस टॉलिव्हर हसली नाही. "शनिवार," ती व्हर्लीनला म्हणाली, "आणि काही झालं तरी शनिवार."

शुक्रवारी दुपारी मार्लोच्या खोलीत धुवायचे कपडे काढायला गेलेल्या व्हर्लीनला कचऱ्याच्या बादलीच्या तळाशी कागदी रुमालाच्या पुरचुंड्या सापडल्या. कुजका वास. तिनं एक उलगडली आणि हात झटकून मागे सरली. अर्धवट पचलेलं उंदराचं पिल्लू. अशा तीन. आयुष्यात पहिल्यांदा ती आपणहून त्या डब्याशी वाकली. पेनी भुशावर पडून होती, कातडी सैल, पाठीचा कणा वर आलेला.

मार्लो शाळेतून आली. व्हर्लीन पलंगावर बसलेली होती.

"कितीदा भरवलंस?"

"पाचदा."

"ती मरेल, हे तुलाच ठाऊक ना? मला शिकवतेस."

"ठाऊक आहे." मार्लोनं दप्तर काढलं नाही. "पण जेवली की हलवता येत नाही. मिस टॉलिव्हरनंपण ऐकलं ना? दोन दिवस, दोन दिवस करत शाळा संपेपर्यंत गेलं असतं. तोवर तुम्ही त्यांना सांगितलं असतं, हिला इथंच राहू द्या म्हणून."

व्हर्लीनला वाटलं, आता खोटं बोलावं. पण आशा राहिली तर ही पोर आजही त्या लोण्याच्या डब्याशी जाईल, आणि उद्या सकाळपर्यंत पेनी उरणार नाही.

"त्यांनी मला विचारलं होतं," ती म्हणाली. "जानेवारीत. मीच नाही म्हटलं."

मार्लोनं दप्तर खाली ठेवलं. रडली नाही. रडली असती तर व्हर्लीननं तिला जवळ तरी घेतलं असतं.

"गुडघे दुखतात म्हणून?"

"नाही."

मार्लोनं मान हलवली. टेबलाशी गेली, झाकणावरची चिकटपट्टी खरवडून काढली, नवी लावली आणि लिहिलं: दहा दिवस काही द्यायचं नाही.

शनिवारी मिस टॉलिव्हर नऊला आली. व्हर्लीननं पहाटेपासून खपून पावासारखी मऊ बिस्किटं केली होती. मार्लोनं एक चघळलं, ताट स्वतः धुऊन ठेवलं. व्हर्लीनच्या ओठांवर शब्द आले, थांब, मी करते फोन, मी सांगते त्यांना. ते शब्द तिथंच राहिले, आणि त्यासाठी तिनं स्वतःला पुढे कधी क्षमा केली नाही.

मिस टॉलिव्हरनं बिचकत डब्याकडे बोट दाखवलं. "आज चालेल ना गं? जेवलीबिवली नाही ना?"

"नाही," मार्लो म्हणाली आणि डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. "आता कुठंही न्या. पोटात काही नाहीये."