बॅरिस्टरबाई आडवी जाते

आमच्या दादाच्या अकलेबद्दल मला लहानपणापासून शंका होती, पण ती सिद्ध व्हायला एक मांजर यावं लागलं.

आम्ही दोघे भाऊ वकिलांचे काळे कोट आणि न्यायाधीशांचे काळे झगे शिवायचो. दुकान वडिलांच्या वेळचं. दादा मापं घ्यायचा आणि गिऱ्हाइकांशी गोडगोड बोलायचा, कापायचो आणि शिवायचो मी. दुकानात एक मांजरी होती, नखशिखांत काळी, डोळे तेवढे पिवळे. तिला मी बॅरिस्टरबाई म्हणायचो. आमच्या बऱ्याच वकिलांपेक्षा तिच्या अंगावर काळा रंग जास्त शोभायचा.

लोकरी कापड आणि खळ लावलेलं अस्तर म्हणजे उंदरांना मेजवानीच. बाई आल्यापासून आमची एकही कॉलर कुरतडली गेली नव्हती. आणि काळ्या कापडाच्या दुकानात दुसऱ्या रंगाचं मांजर ठेवणार तरी कसं? ही झग्यांच्या ढिगावर दिवसभर लोळायची आणि उठून गेली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. केस गळायचे, पण काळ्यात काळे. एवढी सोयीची बाई मी आमच्या अख्ख्या नात्यात पाहिली नाही.

पण ती आडवी गेली की दादा जागच्या जागी थिजायचा. गळ्यात टेप, एक पाय उंबऱ्याबाहेर, चेहऱ्यावर घाम. मग मला म्हणायचा, "तू हो पुढे." मी ओलांडून गेलो की मागून हा यायचा. शाळेत जातानाही हेच चालायचं. कुठलं तरी काळं मांजर गल्लीतून गेलं की, "तू हो पुढे." मला तेव्हा वाटायचं, दादा मला मान देतोय. फुशारून पुढे चालायचो. मोठा झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की पहिला ओलांडेल त्याला बाधतं असा ह्याचा समज आहे. म्हणजे जे काही वाईट व्हायचं ते धाकट्याचं होऊ दे! एकदा मी तोंडावर विचारलं. तर म्हणाला, "तुझा कुठे विश्वास आहे? मग तुला कसं बाधेल?" हे मला जास्तच लागलं.

त्यातच नव्या न्यायाधीशांच्या शपथविधीचे झगे शिवायचं काम आलं. न्यायालयाचे अधीक्षक स्वतः येऊन झगे बघणार होते. पसंत पडले तर पुढचं सगळं काम आमचं, नाहीतर तयार कपड्यांची एक मोठी कंपनी टपून बसलीच होती. वकीलही हल्ली तयार कोट घेऊ लागले होते. हे काम हातचं गेलं असतं तर शिलाईचं दुकान बंद करावं लागलं असतं. मी मान मोडेपर्यंत शिवत होतो. दादा मांजरीवर नजर ठेवून होता.

तपासणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बाई दिसेना. तिच्या जागी वहिनी उभ्या, आणि त्यांच्या कडेवर एक पांढरंशुभ्र, झुबकेदार मांजर.

"ती कुठे गेली?" मी विचारलं.

"इस्त्रीवाल्याला दिली, नदीपलीकडे सोडायला," दादा म्हणाला. "उद्याच्या दिवशी विषाची परीक्षा नको."

"माझी मावशी म्हणते, पांढरं मांजर आलं की काळ्याचा दोष उतरतो," वहिनी म्हणाल्या.

"अहो वहिनी, काळे झगे आणि पांढरं मांजर? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"रंगावर काय जाता, भाऊजी? गुण बघा."

हे त्या गंभीरपणे म्हणाल्या! मी दादाला बजावलं, ह्याला घरी ने. त्याने मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात कोण धरणार? आणि मांजराला शुभ म्हणून रात्रभर दुकानातच ठेवलं.

सकाळी कुलूप उघडलं तर महाराज ढिगाच्या टोकावर. रात्रभर त्याने प्रत्येक झग्यावर लोळून शकुन वाटला होता. मी ब्रश घेतला, ओलं फडकं घेतलं. लोकरी कापडातले केस घासावे तितके आत रुतत गेले. मग अधीक्षक आले. त्यांनी एक झगा उचलला, उजेडात धरला.

"हे झगे आधी कुणी म्हातारे घालून गेले का?" एवढं विचारून ते निघून गेले.

दादा खुर्चीत कोसळला. मला वाटलं, आता तरी समजेल. खरंच वाटलं! पण तो म्हणाला, "बघितलंस? गेली, पण जाताना दाखवून गेली."

पांढरं मांजर मुख्य न्यायाधीशांच्या झग्यावर बसून पंजा चाटत होतं. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त शिसारी आली. मी माझी कात्री आणि माझं मशीन उचललं.

समोरच इस्त्रीवाल्याचं दुकान आहे. त्याच्या टेबलाखाली बॅरिस्टरबाई पसरली होती.

"नदीपलीकडे सोडणार होतास ना?"

"एवढ्या लांब कोण जातंय?" तो म्हणाला. "आणि माझ्याकडे काय उंदीर कमी आहेत?"

त्याची अर्धी जागा रिकामी होती. आता तिथे मी बसतो, पँटींना चेन लावतो, शाळेचे गणवेश शिवतो. दादा समोर त्याच मोठ्या कंपनीचे तयार कोट विकतो आणि सगळ्यांना काळ्या मांजरीची कहाणी ऐकवतो.

रोज सकाळी तो दुकान उघडायला येतो आणि नेमकी तेव्हाच बाई त्याच्यासमोरून गल्ली ओलांडते. तो किल्ली हातात धरून थांबतो. कुणीतरी वाटसरू पुढून जातो, मग ह्याचं पाऊल उचलतं. परवा कुणीच फिरकेना. ऊन तापलं होतं. तो बराच वेळ उभा होता, मग त्याने मला हाक मारली.

"अरे, जरा इकडून येऊन जा ना."

लहानपणी मारायचा तशीच हाक, आवाज तेवढा थकलेला. माझे पाय आपसूक उठलेसुद्धा. मग मी परत खाली बसलो.

"तू हो पुढे, दादा," मी म्हटलं.

तो तिथेच उभा राहिला.