ओलसर खोक्यांचा कागद

ताईंचा कारखाना तो केवढा! तीन यंत्रं, अकरा माणसं आणि खळीचा आंबट वास. पण त्यांचं एकही पुठ्ठ्याचं खोकं आजवर परत आलं नव्हतं, आणि हे त्या भेटेल त्याला ऐकवत. शाळा दुसरीतच सुटलेली. पुठ्ठा मात्र नुसता अंगठ्याने दाबून त्यात ओल आहे का ते सांगत.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे धाकट्या भावाची काचसामानाची कंपनी. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. ताईंनीच त्याला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, उभं केलं. आता त्यानेच वर्षभराच्या खोक्यांचे अठरा लाख थकवले होते. त्यामुळे ताईंची उधारी तुंबली आणि पुठ्ठेवाल्याने माल रोखला, तेव्हा ताईंनी वकीलबाई गाठली.

"आधी मागणीची नोटीस देऊ," वकीलबाई म्हणाली. "मुदतीत पैसे आले नाहीत तर कंपनी दिवाळखोरीत काढा असा अर्ज करता येतो. कंपनी हातची जाईल म्हटल्यावर भलेभले पैसे काढतात. फक्त नोटिशीच्या आधीपासून मालाबद्दल तंटा असेल तर हा रस्ता बंद."

"माझ्या मालाबद्दल तंटा? जीभ झडेल म्हणणाऱ्याची!"

नोटीस गेली, मुदत सरली, अर्ज लागला. सुनावणीला भावाच्या वकिलाने एक कागद पुढे केला. आम्ही पुरवलेली खोकी ओलसर होती, त्यामुळे तुमचा काचमाल फुटला, असा मजकूर. तारीख नोटिशीच्या सात महिने आधीची. खाली ताईंची वाकडी सही.

तो दिवस ताईंना लख्ख आठवला. भाऊ स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभा होता.

"ताई, काच कच्ची निघाली गं. खोकी ओली होती म्हटलं तर माझी मोठी ऑर्डर टिकेल. माझ्या गिऱ्हाइकाला दाखवायला एक कागद दे."

"मेल्या, माझ्या खोक्यांना ओली म्हणतोस?"

"म्हणत नाही गं, नुसतं लिहितोय."

ताई हसल्या होत्या आणि पिठाचे हात पुसून सही केली होती.

"सही तुमची?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझीच. मजकूर खोटा आहे."

"म्हणजे खोटं लिहून दिलंत?"

"भावासाठी दिलं."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. भाऊ मान खाली घालून फोन चाळत होता.

"कोण खरं हे आम्ही इथे ठरवत नाही," न्यायाधीश म्हणाले. "नुसता कांगावा असता तर बाजूला सारला असता. पण तंटा जुना आहे आणि कागद तुमच्याच सहीचा. त्याला साक्षीपुरावे लागतील. साध्या कोर्टात वसुलीचा दावा लावा." अर्ज फेटाळला गेला.

जिन्यापाशी भाऊ आडवा आला. "ताई, तो कागद वकिलाने काढला गं."

"त्याच्या स्वप्नात आला होता? केसाने गळा कापलास रे!"

"निम्मे घे आणि मिटवून टाक. साध्या कोर्टात पाच-सहा वर्षं जातील." त्याने तडजोडीचा कागद पुढे केला. तयारच होता.

निम्म्यात पुठ्ठेवाला भागला असता. "वाच गं," ताई वकीलबाईला म्हणाल्या. तिने वाचलं. पहिल्याच ओळीत होतं, माल सदोष असल्यामुळे.

"एकदा तुझ्यासाठी खोटं लिहिलं," ताई म्हणाल्या, "आता पैशासाठी लिहू? एक यंत्र विकेन, दोनांवर भागवेन." मग वकीलबाईकडे वळल्या. "दावा लाव. मी खोटं लिहून दिलं होतं हेही त्यात घाल. आणि साक्षीला त्याचं ते गिऱ्हाईक बोलाव. काच कच्ची होती की खोकी ओली, त्याच्यासमोरच होऊ दे."

भावाचा चेहरा उतरला. "ताई, माझी ऑर्डर जाईल!"

ताई जिना उतरू लागल्या. वकीलबाईने हात दिला. ताईंनी तो धरला नाही, कठडा धरला.