प्रिस्कामिसचं उजवं पाऊल

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी पाऊल आहे, उजवं. चालायला नव्हे हं! बूट बेतायचा फर्मा म्हणतात ना, तो मी. भुईगावच्या प्रिस्कामिसचं उजवं पाऊल जन्मापासून वाकडं. दुकानातल्या बुटात ते कसलं शिरतंय! म्हणून नालासोपाऱ्याच्या चांभार विलास मिस्त्रींनी शिसवाचं लाकूड तासून मला हुबेहूब तिच्या पावलासारखं घडवलं. दरवर्षी तिचा नवा बूट माझ्यावरच शिवला जाई. मिस्त्री म्हणत, "लाकूड नाही हे, बाईंचा पायच आहे!" ते ऐकून मी खूप फुगायचो.

विलास मिस्त्रींनी थकून दुकान बंद केलं, तेव्हा मला मिसच्या हवाली केलं; वर्षाचा बूट शिवायला तेवढे येत. मिस घरी इंग्रजीची शिकवणी घेई. ती मला टेबलावर ठेवून सांगे, "फूट म्हणजे पाऊल. पट्टीवरचा फूटही पावलावरूनच आला. डोंगराच्या पायथ्यालाही इंग्रज फूटच म्हणतात. आणि फार मागे गेलं, तर त्यांचा फूट आणि आपला पाय एकाच मुळातले."

"म्हणजे इंग्रज आपले नातेवाईक?" शिकवणीतला भावेश विचारी.

"लांबचे हं. जेवायला नको बोलावूस!"

मुलं खो खो हसत. ते माझे शेवटचे सुखाचे दिवस.

मिस्त्री वारले. माझ्यावर बूट शिवणारं कुणी उरलं नाही. मिसने दुकानातला बूट कसाबसा चढवला. तो टाचेला घासून फोड आला. वहिनी सालोमी म्हणाली, "दाखव बघू पाय."

"काही नाही गं, दुखतसुद्धा नाही. मुलांची परीक्षा होऊ दे."

दुखणार कसं? मधुमेहाने पावलाची जाणीवच गेली होती. जखम आत आत चिघळत गेली. मी समोरच्या कपाटावर होतो आणि मला तोंड नव्हतं. शेवटी डॉक्टर म्हणाले, पाऊल वाचणार नाही.

मिस घरी आली ती पाऊल गमावून. परवा सालोमी आवराआवर करताना म्हणाली, "हा फर्मा बंबात घालू का गं?"

 मिस हळूच म्हणाली, "सालोमी, अंगठा खाजतोय."

"कुठला?"

"नाही तोच."

सालोमीने डोळे पुसले आणि मला तिच्या मांडीवर ठेवलं. मिस माझा अंगठा नखाने खाजवत राहिली.

"बरं वाटतंय?"

"नाही गं."

मित्रांनो, घरातलं मोठं माणूस "पायाला काही नाही" म्हणालं, तर ऐकून घेऊ नका. त्यांना उजेडात बसवा, मोजे काढायला लावा आणि तळवा, टाच नीट बघा. रागावले तरी बघा. माझ्यासारखं पाऊल कितीही हुबेहूब असलं, तरी त्याने गेलेल्या पावलाची खाज भागत नाही.