दारातला दिवा कुणाकडे आहे

पाऊस पडल्याचा आवाज, फक्त सुरुवातीचा.

एका जिन्याचा नकाशा. कठडा अजून काढायचा आहे.

शाळेच्या प्रकल्पातला मासा, शेपटीकडून रंगवत आणलेला.

प्रिंटर सापडत नसल्याची तक्रार.

दारात पिवळा दिवा.

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांना ओळखत नाहीत. जागा मिळेल तिथे ते माझ्या पोटात पडून असतात. कुणी मागितले की मी ते जुळवून देते. मी संगणकाच्या पेटीतली ड्राइव्ह आहे. कालपर्यंत एकुलती एक होते, आता जुनी झाले. माझ्यात काही फिरत नाही, काही गुणगुणत नाही, सगळे चिपांवर लिहिलेले असते. त्यामुळे मला ओरडता येत नाही. आणि आज मला फार ओरडायचे होते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी कोरी होते. आत्याने मला विकत आणले. आत्या घरांचे नकाशे काढते. संगणक सुरू करणारी यंत्रणा, तिचे नकाशांचे सॉफ्टवेअर आणि तिच्या भाचीचे, ठमीचे गेम, असा सगळा संसार माझ्यावर. पहिल्या दिवशी आत्या म्हणाली होती की चहाचे आधण ठेवायच्या आत संगणक सुरू होतो. ते कौतुक मी कुठेही साठवलेले नाही, तरी आठवते.

ठमीच्या एका गेममध्ये गाव वसवायचे असते. एका सुट्टीत ठमीची आईही खुर्ची ओढून बसली आणि तिने त्या गावात एक घर बांधले. स्वयंपाकघराला खिडकी नाही, दार भलतीकडेच. आत्याला हसू आवरेना.

"वहिनी, हा नकाशा कुणी पास करणार नाही."

"नको करू देत. राहायचं मला आहे."

पुढे कधीतरी त्या घराच्या दारात पिवळा दिवा आला. ठमीला वाटते तो आत्याने लावला, आत्याला वाटते ठमीने. मग आई आजारी पडली आणि गेली. त्या घरात ठमीने काही बदलले नाही. ती रोज गावातून फिरते, घरावरून जाते, आत जात नाही.

मी मात्र भरत चालले. एकदा अर्ध्या नकाशात जागा संपली आणि आत्याचे दिवसभराचे काम गेले. तेव्हापासून ती माझ्याकडे वैतागून बघू लागली. शेवटी तिने नवी, माझ्याहून मोठी ड्राइव्ह आणून शेजारी बसवली. म्हणाली, आता काम एका खोलीत, खेळ दुसऱ्या खोलीत. स्वयंपाकघरात चपला नकोत. गेम नवीकडे जाणार होते. मला पुसून, यंत्रणा आणि नकाशांचे सॉफ्टवेअर माझ्यावर नव्याने बसवायचे होते. आपले नकाशे तिने आधीच पेन ड्राइव्हवर काढून ठेवले होते.

गेम हलला. झाडे गेली, गाणी गेली, पाऊस गेला. पण मित्रांनो, ठमीचे आणि आईचे गाव एका वेगळ्या, लहानशा फाइलमध्ये असते. ती गेमबरोबर जात नाही. ती माझ्याकडेच राहिली.

"आईचं घर आलं का गं तिकडे?" ठमीने विचारले.

आत्याने गेम उघडला. घर होते. दिवा होता. ठमीने खुर्चीला पाठ टेकली.

घर नवीने दाखवले नव्हते. गेमने मुकाट्याने माझ्याकडे मागितले आणि मी दिले. मागितलेले द्यायचे, एवढेच मला येते. आणि त्यामुळेच त्या दोघी फसत होत्या. एखादी चूक करून दाखवावी, असेही मनात आले. पण ती नेमकी त्याच फाइलमध्ये झाली तर? मी काहीच केले नाही. गेम बंद होताना गाव पुन्हा माझ्यावर लिहिले गेले आणि रोजच्यासारखी मी त्यावर लिहिल्याची वेळ नोंदवली.

आत्याची एक सवय आहे. नकाशात भिंत पाडायची खूण करण्याआधी ती त्या भिंतीवर काय काय टेकले आहे ते बघते. पुसण्याआधी तिने माझ्यावरच्या फाइली, सर्वांत ताजी वर, अशा लावल्या.

"ठमे, आत्ता आपण इथे काही केलं?"

"नाही. गेम तर तिकडे आहे ना."

"मग हे आत्ता कुणी लिहिलं?"

सर्वांत वरची, आत्ताची वेळ असलेली ती फाइल तिने उचलून बाजूला ठेवली आणि गेम उघडला. रिकामे माळरान. नवे गाव वसवायचे का, असा प्रश्न. ठमीने आत्याची बाही घट्ट धरली.

"थांब गं. हलवलीय मी. पुसलेली नाही."

फाइल जागेवर आली आणि गाव परतले. पण ठमीने बाही सोडली नाही.

मग आत्याने त्या फाइलची एक प्रत नव्या ड्राइव्हवर ठेवली, एक पेन ड्राइव्हवर, एक ठमीच्या बाबांच्या फोनमध्ये. बाबा एरवी संगणकाकडे फिरकत नाहीत. आज दारात उभे राहून त्यांनी एवढेच विचारले, "आहे ना घर?"

तीन प्रती झाल्या, तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. प्रत नीट उतरली असेल ना? ती योग्य जागी ठेवायची हे त्यांच्या लक्षात राहील ना? पडद्यावर प्रश्न आला आहे, सगळे कायमचे पुसायचे का. आत्याचे बोट बटणावर आहे. पुसले जाण्याची तक्रार नाही. कोरी होऊनच आले होते. मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखे जुने, भरलेले, वैताग आणणारे काहीतरी असेल. ते खुशाल रिकामे करा. फक्त त्याआधी त्याच्यावर काय उभे आहे ते बघा. आम्हाला सांगता येत न...

दारातला तो दिवा आईने लावला. दुपारची वेळ होती आणि ठमी शाळेतून यायची होती.